पाव्हण्यांचं हसू

कुंभार पिंपळगावात राधाकिसनच्या घरी कुणी सरळ बोलत नसे. खोटं बोलत असं नव्हे, पण खरं सांगायचं तेही चिडवूनच. राधाकिसनला भूक लागली की तो स्वयंपाकघराकडं तोंड करून विचारायचा, "आज एकादस हाय का गं सगळ्यांची?" गुडघे दुखायला लागले की उषाबाई म्हणायच्या, "आता एखादी पळणारी बघा माझ्या जागी." आणि थोरल्या पोरावर, कल्याणवर माया आली की दोघं मिळून त्याच्या लग्नाचा विषय काढायचे.

कल्याण सव्वीस वर्षांचा. घरची चार एकर मोसंबी, दारात एक मालवाहू टेम्पो, ज्याला सगळे 'छोटा हत्ती' म्हणतात तो. आसपासच्या बागांतला माल भरून जालन्याच्या बाजारात नेऊन घालायचा, हे त्याचं काम. अंगानं भक्कम, मनानं भोळा, तोंडानं अखंड चालू. लग्नाच्या बाजारात मात्र त्याला उठाव नव्हता. मुलीकडचे यायचे, पोहे खायचे, बाग बघायचे, गोठा बघायचे, शेवटी कल्याणला बघायचे, आणि दोन दिवसांनी नकाराचा फोन यायचा. अशी तेरा स्थळं येऊन गेली होती.

या तेराही वेळा त्याची तयारी करून घेतली होती अर्पितानं. अर्पिता त्याची बहीण, त्याच्याहून दहा वर्षांनी लहान. घनसावंगीला अकरावी सायन्सला होती. घरातली सगळ्यात धारदार जीभ तिची. पाव्हणे यायच्या आदल्या दिवशी ती खांद्यावर उपरणं टाकून खुर्चीत बसायची, घसा खाकरायची आणि मुलीचा बाप व्हायची.

"मुलगा पुण्याला ऱ्हायला जाईल का?"

"न्हाई जी."

"मंग पुण्याला जायचा रस्ता तरी म्हाईत हाय का त्याला?"

उषाबाई हसून हसून पदरानं डोळे पुसायच्या. कल्याण रागावल्यासारखं करायचा, पण ही तालीम त्याला स्थळापेक्षा जास्त आवडायची. रागात असली की ती त्याला 'कल्याणराव' म्हणायची, एरवी दादा. तो तिला 'आप्पे' म्हणायचा, आणि कॉलेजच्या मैत्रिणींसमोर म्हणायचा नाही, इतपत अक्कल त्याला होती.

चौदावं स्थळ आलं जानेवारीत, अंबडकडच्या साहेबरावांच्या मुलीचं. आदल्या दिवशी कल्याण आपणहून खुर्ची मांडून उभा राहिला.

"आप्पे, प्रॅक्टिस न्हाई का आज?"

अर्पिता पलंगावर पुस्तक उघडून पडली होती. मान न वळवता म्हणाली, "तुला बराबर जमतंय दादा. काही गरज न्हाई."

कल्याण खूश होऊन अंगणात गेला. टेम्पो धुतला. टायरं धुवेपर्यंत तो खूश होता. मग हातातली बादली तशीच राहिली. सोळा वर्षांत या पोरीनं आपल्याला एकदाही चांगलं म्हटलेलं त्याला आठवेना.

दुसऱ्या दिवशी मात्र अर्पिता फुल तयारीत. साहेबराव, त्यांची बायको आणि एक चुलता आले, आणि अर्पितानं बैठक ताब्यात घेतली. चुलत्याला साखर कमी लागते हे तिनं त्यांच्या बायकोला फोन न करता ओळखलं कसं, यावर पाचेक मिनिटं हशा चालला. साहेबरावांची बायको उषाबाईंना म्हणाली, "पोरगी मोठी हसरी हाय तुमची." उषाबाईंची मान उंच झाली.

पाणी संपलं म्हणून कल्याण तांब्या घेऊन आत गेला. स्वयंपाकघरात दूध उतू चाललं होतं. ओट्यावरून ओघळून खाली फरशीवर ठिबकत होतं, आणि अर्पिता त्याच्यापासून हातभर अंतरावर उभी राहून तिकडंच बघत होती. बघत होती म्हणावं, तर डोळे त्या दिशेला होते एवढंच.

"अय आप्पे! झोपलीस का उभ्यानं?" कल्याणनं गॅस बंद केला.

तिनं त्याच्याकडं पाहिलं. कल्याणला वाटलं होतं, आता काहीतरी ऐकवील. पण तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. राग नाही, दुःख नाही. गाडीची चावी काढली की समोरचे सगळे छोटे दिवे एकदम जातात ना, तसा चेहरा.

तेवढ्यात बाहेरून आईची हाक आली, "आप्पे, चहा आण गं!" तिनं ट्रे उचलला. उंबऱ्यापर्यंत चेहरा तसाच. उंबऱ्यावर पाय ठेवला आणि हसू आलं, पूर्ण, दातांसकट. बाहेर लगेच कुणीतरी खिदळलं. कल्याण तांब्या हातात घेऊन तिथंच उभा राहिला. माणूस चपला घालतं तसं हसू घालताना त्यानं कुणाला पाहिलं नव्हतं.

दोन दिवसांनी फोन आला. मुलीला शहरातला मुलगा हवा होता.

जेवताना राधाकिसन म्हणाला, "चला, चौदा झाले. अजून दहा आले की आपण पोह्यांचं हाटेलच टाकू."

"माझ्यामुळं झालं," अर्पिता म्हणाली. "शुभकामाच्या वक्ताला दूध उतू गेलं माझ्या हातून."

"आन् तेरा वेळेस काय म्हशीमुळं मोडलं का?" राधाकिसननं विचारलं, आणि सगळे हसले. कल्याण सगळ्यात मोठ्यानं हसला. अर्पिताही हसली. अर्धी भाकरी ताटात ठेवून उठली.

हात धुताना कल्याणच्या लक्षात आलं की ती गंमत करत नव्हती. तिला खरंच तसं वाटत होतं.

मग त्याला एकेक आठवायला लागलं. आठवायला तो फार हुशार नव्हता, पण जालन्याला जायला-यायला तासन् तास रस्ता होता, आणि टेम्पोतला रेडिओ बंद पडला होता. दिवाळीनंतर कधीतरी ती म्हणाली होती, "मला उठूच वाटत न्हाई सकाळी." त्यावर वडील, म्हणजे नाना, म्हणाले होते, "तुला कवा वाटलं होतं?" आईला ती म्हणाली होती की जेवण गोड लागत नाही, आणि आईनं उत्तर दिलं होतं की मग उद्यापासून तूच कर. आणि एकदा, "दादा, माझ्या डोक्यात काही शिरंनाच," असं ती म्हणाली तेव्हा, "जागा असंल तर शिरंल," हे कुणी म्हटलं होतं? त्यानंच. वर दोन दिवस मित्रांना सांगत फिरला होता.

दुधाचं धरून पोरीनं चार वेळा खरं सांगितलं होतं. चारही वेळा घरानं टाळी दिली होती.

आता सरळ विचारायचं ठरलं. पण सरळ विचारायचं म्हणजे काय, हे कल्याणला कुणी शिकवलं नव्हतं. अंबडच्या चढावर त्यानं मोठ्यानं सराव केला. "अर्पिता, तुला काही त्रास हाय का?" हे तलाठ्यासारखं वाटलं. "काय गं, बरी हायस ना?" यावर तर 'हो' शिवाय दुसरं उत्तरच नव्हतं. शेवटी घरी येऊन त्यानं टेम्पोतून उतरता उतरता विचारलं, "काय टेन्शन हाय का गं तुला?"

"हाय की. तुझ्या लग्नाचं."

कल्याणला एवढं हलकं वाटलं की तो चार दिवस निवांत राहिला. पोरगी तोंड चालवते आहे, म्हणजे सगळं ठीक. हे त्याला पटलं, कारण त्याला ते पटवून घ्यायचं होतं.

पाचव्या दिवशी जांब समर्थच्या फाट्यावर दुर्गाबाईंनी हात केला. त्या देवळाबाहेर नारळ-फुलं विकायच्या, बाजारातून येताना कल्याणच्या टेम्पोत त्यांची टोपली असायचीच. पुढच्या सीटवर ऐसपैस बसून त्या म्हणाल्या, "तुझी बहीण लई भाविक निघाली रे बाबा. येवढ्या वयात रोज देवळात येऊन बसती."

कल्याण हसला. "कोणती बहीण? आमची आप्पी? ती आरतीला उभ्यानं झोपती, मावशी. दुसरी कोणतरी असंल."

"दुसरी कशी? निळी बॅग, चष्मा. धाच्या एसटीनं उतरती, सांजच्यानं जाती. महिना झाला. समदे म्हणतात, काय पोरगी हाय, गप बसून नाम घेती."

टेम्पो रस्त्याच्या कडेला गेला आणि परत रस्त्यावर आला. दुर्गाबाईंनी टोपली घट्ट धरली. "नीट चालव, मला देवाच्या दारात बसायचं हाय, देवाघरी न्हाई जायचं."

दुसऱ्या दिवशी कल्याणनं एका बागेचा माल दुपारवर ढकलला आणि साडेअकराला जांबच्या देवळात गेला. ऊन वर आलं होतं. सभामंडपात परगावचे चार-पाच यात्रेकरू बसले होते, एक म्हातारा पोथी वाचत होता. मागच्या खांबाला टेकून अर्पिता बसली होती. बॅग मांडीवर, दोन्ही हात बॅगेवर. नाम वगैरे काही घेत नव्हती. त्या दिवशी दुधाकडं बघत होती तशी समोरच्या फरशीकडं बघत होती.

कल्याण तिच्याशेजारी जाऊन बसला. ती दचकली नाही, हे त्याला सगळ्यात वाईट वाटलं.

"देवानं नोकरी दिली का तुला हितं?" तो म्हणाला. दुसरं काही सुचलंच नाही.

अर्पिताच्या चेहऱ्यावर ते हसू आलं.

"हे हसू नको मला," कल्याण म्हणाला. "हे पाव्हण्यांचं हसू हाय. मी बघितलंय तुला ते घालताना."

हसू गेलं. पोथीवाल्या म्हाताऱ्यानं एक पान उलटलं. मग ती म्हणाली, "कॉलेजात बसवत न्हाई दादा. सर बोलतात ते आवाज आवाज येतो नुसता, शब्द येत न्हाईत. घरी सगळे हसतात तवा मला हसायला लागतं, आन् ते करून करून मी इतकी दमती, की मंग हितं येऊन बसती. हितं कुणी काही विचारत न्हाई. देवळात गप बसलं की लोकांना वाटतं भक्ती करून राह्यली."

"कुणी काही बोललं का तुला? पोरगा हाय का कुणी? नाव सांग फक्त."

"कुणी न्हाई."

"सर?"

"न्हाई."

"मैत्रिणींशी भांडण?"

"दादा, कारण असतं तर मी तुला सांगितलंच नसतं का? कारणच न्हाई. म्हणून तर सांगता येईना. आई-नाना चांगले हायत, तू चांगला हायस, खायला हाय, प्यायला हाय. मला काय झालंय? मी नुसती नाटकं करून राह्यली असं मलाच वाटतं."

कल्याणच्या मुठी आवळलेल्या होत्या. मारायला कुणीच नाही म्हटल्यावर त्यांचं काय करायचं ते त्याला कळेना. त्यानं त्या मांडीवर ठेवल्या. मग, टेम्पोत सराव न केलेला, आयुष्यात कधीच कुणाला न विचारलेला एक प्रश्न त्यानं विचारला.

"आप्पे, मरून जावं असं येतं का गं मनात?"

ती पहिल्यांदा त्याच्याकडं वळली. चष्म्याआड डोळे कोरडे होते.

"करायचं काही न्हाई मनात. पण झोपावं आन् उठूच नये, असं येतं. लई दिवस झाले येतंय." आणि थोड्या वेळानं, "तू ओरडला न्हाईस."

"ओरडणार होतो. आवाजच निघंना."

तेव्हा ती रडली. चार महिने रडू येत नव्हतं म्हणे, ते सगळं आलं. परगावच्या एका बाईनं कौतुकानं हात जोडले, पोरीचा भाव बघून. कल्याणनं आपला रुमाल काढला. त्याला डिझेलचा वास येत होता, तरी तिनं तोंड पुसलं.

"घरी सांगू नको," ती म्हणाली. "शपथ घे."

"न्हाई घेत."

"दादा!"

"दुसरी कोणतीबी मागणी कर. शपथ बिलकुल न्हाई. उद्या तुला काही झालं तर मी शपथ धरून बसू का?"

"कल्याणराव, तू एक नंबरचा चोंबडा हायस," अर्पिता दात खाऊन म्हणाली, उठली, आणि पाय आपटत टेम्पोकडं निघाली. कल्याण तिच्या मागं मागं, तिची बॅग घेऊन. इतका आनंद त्याला शिवी खाऊन कधी झाला नव्हता.

संध्याकाळी जेवायच्या आधी त्यानं आई-वडिलांना मधल्या खोलीत बसवलं आणि सांगितलं. अर्पिता दाराला टेकून उभी होती. कॉलेज, देऊळ, झोप, जेवण, आणि ते शेवटचंही. सांगताना त्यानं एकही गंमत केली नाही, त्यामुळं आधी तर त्या दोघांना तो काय म्हणतोय तेच कळेना.

राधाकिसननं सवयीनं तोंड उघडलं. "सकाळी उठावंसं तर मलाबी वाटत न्हाई रोज..."

"नाना, हसू नका," कल्याण म्हणाला.

त्या घरात हे वाक्य कुणी कुणाला कधी म्हटलं नव्हतं. राधाकिसनचं तोंड उघडंच राहिलं, मग हळूहळू मिटलं.

उषाबाई मात्र भडकल्या. "काय कमी पडलं हिला? आन् गावात कळलं तर लोक काय म्हणतील, येडी हाय पोरगी? तुझंबी जमंना अजून, आन् हिचंबी..." बोलता बोलता त्यांची नजर पोरीच्या मनगटावर गेली. बांगडी कोपरापर्यंत सरकत होती. हे मनगट रोज डोळ्यांसमोर भाकरी वाढून घेत होतं. त्या एकदम थांबल्या, उठल्या आणि पोरीचा हात धरून नुसत्याच उभ्या राहिल्या.

राधाकिसन गोठ्यात निघून गेला. थोड्या वेळानं कल्याण त्याला बघायला गेला, तर तो म्हशीच्या पाठीवर हात ठेवून तिला सांगत होता, "मला कळलंच न्हाई गं. रोज समोर होती, मला कळलंच न्हाई." कल्याण पाय न वाजवता मागं फिरला. राधाकिसनला सरळ बोलता येत होतं तर, फक्त म्हशीशी.

बुधवारी चौघंही टेम्पोनं जालन्याला सरकारी दवाखान्यात गेले. पुढं तिघं, मागं हौद्यात मोसंबीच्या रिकाम्या क्रेटांमध्ये राधाकिसन. 'मनाचे आजार' असं लिहिलेल्या खोलीबाहेर उषाबाईंनी पदर तोंडावर ओढून घेतला, ओळखीचं कुणी भेटायला नको म्हणून. आणि समोरच्या बाकावर पदर ओढून बसलेली बाई नेमकी पिंपळगावचीच निघाली. दोघींनी एकमेकींना पाहिलं, न पाहिल्यासारखं केलं, आणि नंतर अर्धा तास गुडघेदुखीवर बोलत बसल्या.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. आधी एकट्या अर्पिताशी पाऊण तास बोलल्या. तेवढ्या वेळात कल्याणनं दवाखान्याच्या आवाराला सात फेऱ्या घातल्या. मग सगळ्यांना आत बोलावलं.

"हिला डिप्रेशन आहे. नैराश्य म्हणतात. आजार आहे, नाटक नाही, आणि बरा होतो," त्या म्हणाल्या. "गोळी देते. पण ताप उतरतो तसं हे दोन दिवसांत उतरणार नाही, महिना-दीड महिना धीर धरा. गोळ्या मोठ्यांनी आपल्याकडं ठेवायच्या, वेळेवर द्यायच्या. दर आठवड्याला तिला बोलायला माझ्याकडं आणा. सध्या एकटं सोडू नका. आणि 'हसत जा जरा' असं कुणी तिला म्हणायचं नाही."

"पण मॅडम, झालं कशामुळं?" कल्याणनं विचारलं. देवळापासून त्याला हा प्रश्न छळत होता.

"मलेरिया झाला तर तुम्ही डास कोणता होता ते शोधत बसता का?"

अर्पितानं खाली मान घालून ओठ दाबले. कुणीतरी दादाला गप्प केलं होतं, आणि फी न घेता.

गोळी सुरू झाली. उषाबाईंनी शिवाय एक काळा दोराही बांधला. अर्पितानं दोन्ही घेतलं. श्रेय कुणाचं यावर आईचं आणि डॉक्टरीणबाईंचं भांडण व्हायला नको, म्हणाली.

पहिले पंधरा दिवस काहीच फरक पडला नाही. उलट घराचं फार वाईट झालं. कुणी चिडवेना. राधाकिसन घरात पाऊल न वाजवता यायचा आणि विचारायचा, "कसं वाटतंय बाळा?" बाळा हा शब्द त्यानं आजवर फक्त वासराला वापरला होता. उषाबाई तिच्या ताटासमोर बसून प्रत्येक घास मोजायच्या. कल्याण तर जेवताना हवामानावर बोलायला लागला. शेवटी एक दिवस अर्पितानं हातातला घास ताटात ठेवला.

"मी आजारी हाय. माझी मयत न्हाई झाली. बोला की काहीतरी नीट!"

तिघांनी एकमेकांकडं बघितलं.

"भाजी खारट झाली," राधाकिसन चाचरत म्हणाला.

"मंग आणा की एखादी गोड करणारी," उषाबाई म्हणाल्या, आणि घर हुश्श करून श्वास घ्यायला लागलं. पण आता कुणी काही म्हटलं की एक क्षण थांबून बाकीचे त्याच्या तोंडाकडं बघायचे, हे गमतीतलं आहे की खरं. ती सवय सगळ्यांनाच लागली. राधाकिसन तर एकदा उषाबाईंना गुडघ्यांसाठी खरोखर दवाखान्यात घेऊन गेला.

कॉलेजात कल्याण जाऊन आला. तिथल्या एका बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या की आधी बरी होऊ दे. हजेरी इतकी कमी होती की अकरावी पुन्हा करावी लागणार हे दिसतच होतं. अर्पिताला ते लागलं. तिसऱ्या दिवशी टेम्पोत बसून जालन्याला आली, डॉक्टरीणबाईंशी बोलली, आणि येताना म्हणाली, "करू परत. पहिल्या खेपेला मी कुठं होते वर्गात?"

मार्चमध्ये बरे दिवस यायला लागले. रोज नाही. एखाद्या आठवड्यात तीन, एखाद्यात एकच. बऱ्या दिवशी ती बागेत येऊन मोसंबी निवडायला बसायची आणि मजुरांच्या बायकांत कल्याणची टिंगल करायची. वाईट दिवशी पलंगावरच असायची. कल्याणला आधी वाटायचं की वाईट दिवस आला म्हणजे सगळं पुन्हा पहिल्यापासून. डॉक्टरीणबाईंनी त्याला समजावलं की तसं नसतं. त्यानं मान हलवली, पण विश्वास बसायला त्याला अजून महिनाभर लागला.

एप्रिलमध्ये एका सकाळी कल्याण शेजारच्या बागेत क्रेट चढवत होता. अर्धा हौदा भरला होता. फोन वाजला.

"दादा," अर्पिता म्हणाली. आवाज जड होता. "आज वाईट दिवस हाय. आई-नाना लग्नाला गेल्ते, अजून आले न्हाईत. मला एकटीला बसवंना."

"आलोच," कल्याण म्हणाला. बागवाल्याला म्हणाला, "राहू दे उरलेलं, उद्या नेतो," आणि तो पुढं काय बोलला ते ऐकायला थांबला नाही. गाडी चालवताना त्याच्या मनात एकच गोष्ट होती: तिनं स्वतः फोन केला. विचारावं लागलं नाही, देवळात जाऊन शोधावं लागलं नाही.

ती अंगणातल्या पायरीवर बसली होती. केस विंचरलेले नव्हते. कल्याणनं टेम्पोचं दार उघडलं.

"बाजारात चलतीस? बोलायचं का गप बसायचं, तू सांग."

"गप," ती म्हणाली आणि चढून बसली.

गप बसणं कल्याणला कधी जमलं नव्हतं. त्यानं ओठ घट्ट मिटून घेतले. घनसावंगी गेलं, तो गप. उसाचा ट्रॅक्टर आडवा आला, त्यावर बोलण्यासारखं कितीतरी होतं, तो गप. अंबडच्या अलीकडं त्यानं बाजूला पाहिलं, तर अर्पिताला झोप लागली होती. डोकं खिडकीच्या काचेला टेकलेलं, आणि रस्त्याला खड्डा आला की ते काचेवर आपटत होतं. त्यानं एका हातानं खांद्यावरचा गमछा काढला, घडी करून काच आणि डोक्याच्या मधे सारला, आणि वेग कमी केला.

तीसच्या वर काटा जाऊ दिला नाही. मागं एक एसटी आली, तिनं भोंगा वाजवला. मग दोन ट्रक, एक जीप. कल्याणनं खिडकीतून हात बाहेर काढून प्रत्येकाला पुढं जायची खूण केली. एका ट्रकवाल्यानं जाता जाता शिवी दिली. एरवी त्यानं ती व्याजासकट परत केली असती. आज त्यानं नुसतं तोंडावर बोट ठेवून दाखवलं.